तांब्याला गंज चढतो का?

पुण्यातच धातूंच्या रसायनशास्त्रावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी तिला मराठीत एक फलक करायचा आहे. तिने मथळा लिहिला, ‘तांब्याला गंज का चढतो?’ घरी आजींनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘‘तांब्याला कुठला गंज? तांब्याला कळंक चढतो.’’ मार्गदर्शकांचं मत पडलं की दोन्ही नकोत, सरळ ‘क्षरण’ लिही. तर यातलं बरोबर काय, आणि ‘कळकणे’ हा शब्द शास्त्राच्या लेखनात चालेल का?

आजींचं बरोबर आहे. मार्गदर्शकांचंही चूक नाही, पण ते वेगळ्या गोष्टीचं नाव सांगतात.

गंज हा लोखंडाचा. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पाणी धरून ठेवणारं तांबूस आयर्न ऑक्साइड तयार होतं. ते मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, फुगतं, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. म्हणून आपण गंज ‘खातो’ म्हणतो: खिडकीचे गज गंजाने खाल्ले. तांब्याचं असं होत नाही. उघड्यावर राहिलेल्या तांब्यावर आधी तपकिरी ऑक्साइड येतं आणि वर्षानुवर्षांनी हिरवट थर. हे थर बहुतेक वेळा चिकटून बसतात आणि आतल्या धातूला सांभाळतात. एकीकडे खाणं, दुसरीकडे झाकणं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर फलक वाचणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही. (‘गंज’ला मराठीत आणखीही कामं आहेत. कडब्याची रचून ठेवतात ती गंज, आणि भात शिजवायचं उभट पातेलं तोही गंज.)

आता कळंक. संस्कृत ‘कलङ्क’ म्हणजे डाग, लांच्छन, आणि धातूवर चढणारा मळही. मराठीने त्यातला एक अर्थ चारित्र्यासाठी ठेवला आणि दुसरा तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी. कळकट हाही मला त्याच घरातला वाटतो. पण या सगळ्या कुटुंबात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते क्रियापद, कळकणे. त्याचा कर्ता बघा. गंजतं ते लोखंड, काळवंडते ती चांदी. कळकते मात्र आमटी, कळकतं ते ताक. भांड्याचं काय झालं हे या क्रियापदात सांगितलेलंच नाही. भांड्याने पदार्थाचं काय केलं ते सांगितलं आहे.

कसब्यातल्या आमच्या वाड्यात एकदा कढी रात्रभर पितळी पातेल्यात राहिली. त्या पातेल्याची कल्हई, म्हणजे आतून दिलेला कथलाचा (टिनचा) लेप, तळाशी बरी होती, वरच्या अंगाला मात्र उडालेली. सकाळी झाकण काढलं तर कढी मधोमध नेहमीसारखी पिवळी, आणि कडेला, जिथे ती भांड्याला टेकून थांबली होती तिथे, बारीक हिरवट रेघ. मी बोट लावून चाखली. जिभेला धरणारी, तुरट, मग कडू, आणि ती चव पाणी प्यायलं तरी जाईना. आईने लांबूनच सांगितलं, ‘‘कळकली. टाकून दे.’’

ती रेघ कडेलाच का, हे पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं. तांबं नुसत्या सौम्य आम्लात विरघळत नाही. हायड्रोजनला आम्लातून बाहेर ढकलण्याचा जोर त्याच्यात नाही. त्याला ऑक्सिजनची मदत लागते. कढीच्या कडेला तिन्ही एकत्र येतात: भांड्याच्या पितळेतलं तांबं, ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि वरची हवा. तिथे तांब्याचे क्षार होतात, ते हिरवे-निळे दिसतात आणि पोटात गेले की मळमळ, ओकारी. ‘आंबट पदार्थ पितळेत ठेवू नये’ या नियमाचं सगळं शास्त्र त्या रेघेत आहे. आईला आयन (विद्युतभार असलेला अणू) हा शब्द माहीत नव्हता, पण प्रक्रियेला नाव होतं, तिची खूण माहीत होती आणि उपायही.

उपाय म्हणजे कल्हई. त्याबद्दल थोडं लांबून सांगते, कारण तिथे भाषा आणि धातू फार जवळ येतात.

कल्हईवाला अंगणात छोटा खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता हलवत राहायचा. भांडं तापलं की आत नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा आणि नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी भांड्याच्या पोटाला टेकवली की तिचं टोक पाऱ्यासारखं वितळून पसरायचं. कापसाच्या बोळ्याने एक सफाईदार फेर, आणि काळपट भांडं आतून चंद्रासारखं उजळायचं. शेवटी पाण्याच्या बादलीत चर्र! नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि त्यातला दुसरा वायू तांब्यावरचं ऑक्साइड साफ करतो. स्वच्छ तांब्यालाच कथील धरतं. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला, तांबं १०८५ ला, म्हणून कोळशाच्या आचेवर एक पातळ होतं आणि दुसरं जागचं हलत नाही. जिथे दोघं भेटतात तिथे तांबं आणि कथील यांचं पातळसं संयुग तयार होतं, म्हणून कल्हई पोपड्यासारखी सुटून येत नाही. ती हळूहळू झिजते.

धातूचं नाव कथील आणि त्याच्या लेपाचं नाव कल्हई, हे मराठीत पक्कं आहे. कथील हा शब्द संस्कृत ‘कस्तीर’वरून आला, आणि ग्रीक लोक या धातूला कॅसिटेरॉस म्हणत. ज्या खनिजातून आजही कथील काढतात त्याचं नाव कॅसिटेराइट. म्हणजे विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेतला शब्द आणि आजींच्या स्वयंपाकघरातला शब्द नात्यातले आहेत. कल्हई अरबीतून आली, आणि अरबीतही तो शब्द या धातूचाच. एकाच धातूची दोन नावं आपल्याकडे पोचली आणि आपण त्यांना दोन कामं वाटून दिली.

हिरव्या थराला ‘जंगाल’ असा जुना शब्दही आहे, फारसीतून आलेला. जंगाली रंग म्हणजे तसा हिरवा. मोरचूद वेगळा. तो तांब्याचा सल्फेट, द्राक्षबागायतदार चुन्यात मिसळून फवारतात तो. फलकावर या दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका.

शेतीवरून आठवलं. गव्हावर पडणाऱ्या रोगाला इंग्रजीत लोखंडाच्या गंजाचं नाव आहे. आपल्या शेतकऱ्याला मात्र पानावरच्या त्या पुटकुळ्यांत तांबं दिसलं, म्हणून तांबेरा. दुसरं नाव गेरवा, गेरूवरून. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, तिथे हाच शब्द पाटीवर आहे. रोग बुरशीचा, धातूशी त्याचा काही संबंध नाही, पण गेरूचा लाल रंग आयर्न ऑक्साइडचाच असतो. म्हणजे फिरून आपण गंजाच्या रंगापाशीच आलो. वनस्पतिशास्त्राचं मराठी लिहिणाऱ्यांनी इथे ‘गंज रोग’ असं भाषांतर केलं नाही, याचा मला फार आनंद आहे.

राहिला ‘क्षरण’. मराठी पाठ्यपुस्तकांतला हा शब्द चांगला आहे. हिंदीतला ‘संक्षारण’ उचलून आणायची गरज नाही. क्षर म्हणजे झिजणारं, नाहीसं होणारं; न झिजणारं ते अक्षर. कोणताही धातू भोवतालच्या हवा-पाण्याशी प्रक्रिया होऊन झिजतो, त्या सर्वसाधारण घटनेचं हे नाव आहे. जिथे सगळ्या धातूंविषयी एकत्र बोलायचं, तिथे तेच हवं. पण एका धातूविषयी बोलताना ते फार लांबून बोलल्यासारखं होतं. ‘पाऊस’ शब्द आहे म्हणून भुरभुर, सर आणि झड आपण टाकून देत नाही.

म्हणून माझं मत असं: मथळा ‘तांब्याला कळंक का चढतो?’ असाच ठेवा. पहिल्या परिच्छेदात एकदा सांगा की धातूंच्या अशा झिजण्याला शास्त्रात क्षरण म्हणतात. लोखंडाचं क्षरण म्हणजे गंज, तांब्यापितळेचं म्हणजे कळंक. प्रबंधाच्या मराठी सारांशातही ‘कळकणे’ निःशंक वापरा, फक्त कर्ता सांभाळा. ‘तांबे कळकते’ नको. ‘तांब्याच्या भांड्यात ताक कळकते’ असं लिहा. धातूतून द्रवात आयन उतरून द्रव बिघडणं, एवढा मोठा अर्थ सांगणारं क्रियापद आयतं हाताशी आहे.

आणि जमलं तर फलकाशेजारी एक खरं भांडं ठेवा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा, मठारकामाच्या ठोक्यांच्या आवाजावरून वाट सापडेल. तिथे अर्धी कल्हई उडालेलं जुनं पातेलं मागा. एकाच पातेल्यात पांढरं कथील, लाल तांबं आणि कडेचा हिरवा कळंक, तिन्ही शेजारी शेजारी दिसतील. आजींनाही बरोबर न्या. कुठलं पातेलं घ्यायचं ते त्यांना बरोबर कळेल.