टेंडरआधी सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं का?

सेक्रेटरी साहेब, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्याच्या पाचपाखाडीतली जुनी सोसायटी, स्वयंपुनर्विकास (बिल्डरशिवाय, सोसायटीनेच इमारत नव्याने बांधणं) ठरलेला, नकाशे मंजुरीच्या टप्प्यात. पीएमसी, म्हणजे तुमचा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणतो, टेंडर काढण्याआधी आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (कॉलम-बीम-स्लॅबचं डिझाइन करणारा इंजिनिअर), प्लंबिंग-इलेक्ट्रिकल-फायरवाले आणि एक कंत्राटदार यांना दोन-तीन महिने एकत्र बसवू. कमिटीतले दोघे म्हणतात, हे फी उकळायचे धंदे. प्लॅन पास झाला की टेंडर काढा आणि सगळ्यात कमी रेटवाल्याला काम द्या.

पीएमसीचं ऐका. फक्त कंत्राटदाराला कुठल्या अटीवर बसवायचं, तिथे डोळ्यांत तेल घालून बघा. त्यावर खाली लिहितो.

आधी एक गैरसमज. मंजूर नकाशा म्हणजे बांधायचा नकाशा नव्हे. महापालिका एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण), मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), जिन्याची रुंदी, पार्किंगची संख्या, अग्निशमन दलाच्या गाडीला वळायला जागा हे तपासते. तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटचा ड्रेनेज पाइप बीमला आडवा जातोय का, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. ते साइटवर कळतं, आणि मग काँक्रीटला भोक पाडणारं कोअर कटिंगचं मशीन येतं. बीममध्ये कुठेही भोक पाडायला कुठलाही शहाणा आरसीसीवाला हो म्हणत नाही. मग पाइप फिरवा, फॉल्स सीलिंग खाली घ्या, आणि कंत्राटदाराच्या रनिंग बिलात, म्हणजे काम होईल तसं येणाऱ्या बिलात, ‘एक्स्ट्रा आयटम’ची ओळ वाढते.

सगळ्यात जास्त भांडणं पार्किंगमध्ये होतात, म्हणून ते उदाहरण नीट सांगतो. वरचे फ्लॅट आर्किटेक्ट काढतो. कॉलम बेडरूमच्या भिंतीत लपेल असा बसवतो. तोच कॉलम खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, उतरतो. गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा धरली, तर दोन कॉलमांच्या मध्ये तीन गाड्यांना साडेसात मीटर मोकळे हवेत. आरसीसीवाल्याने मजले वाढले म्हणून कॉलम जाड केला की मोकळी जागा उरते सव्वासात मीटर. कागदावर तीन गाड्या, प्रत्यक्षात दोन आणि एका स्कूटरचं दुःख. तेव्हाच दोघं शेजारी बसलेले असतील तर कॉलमची दिशा फिरवून किंवा वरची भिंत थोडी सरकवून अर्ध्या तासात विषय संपतो. फाउंडेशन भरल्यावर तो कधीच संपत नाही. पुढची वीस वर्षं एजीएममध्ये चालतो.

मिवान शटरिंग (काँक्रीट ओतायचे अॅल्युमिनियमचे साचे) वापरणार असाल तर हे सगळं दुप्पट लागू. त्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, स्लॅबबरोबरच भरल्या जातात. स्विचबोर्ड, एसीचा पाइप, गिझरचा पॉइंट यांच्या जागा ओतण्याआधी ठरलेल्या लागतात. अॅल्युमिनियमचे पॅनल तुमच्याच नकाशाच्या मापाने बनून येतात, त्यामुळे नंतर खिडकी सहा इंच सरकवा म्हणणं महागात जातं. शिवाय मजले कमी असतील तर त्या पॅनलचा खर्च वसूल होतो का, हा हिशोब कंत्राटदारच खरा मांडू शकतो. आर्किटेक्टने मिवान गृहीत धरून नकाशे काढायचे आणि टेंडर भरणाऱ्याकडे प्लायवूडचं शटरिंग, असंही होतं.

कंत्राटदार लवकर लागतो याचं दुसरं कारण ठाण्याचे रस्ते. अवजड वाहनांना शहरात दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, वेळा बदलत राहतात. वाहतूक शाखेची चालू अधिसूचना बघा. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला मनाई. आणि रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमधून येणारं तयार काँक्रीट, गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामं व्हायला हवं. या तीन गोष्टींतून जी वेळ उरते, तेवढ्यात तुमचा स्लॅब भरायचा आहे. अरुंद गल्लीत पंप कुठे उभा राहील, मिक्सर रिव्हर्स कुठून येईल, स्लॅब दोन टप्प्यांत भरायचा झाला तर जॉइंट कुठे घ्यायचा, हे रोज काम करणाऱ्याला माहीत. जॉइंटची जागा मात्र आरसीसीवाल्याने ठरवायची. म्हणून दोघे एकत्र.

मातीची तपासणी करताना एक लक्षात ठेवा. जुनी इमारत उभी असताना बोअर (माती-खडक तपासायची खोल भोकं) फक्त मोकळ्या मार्जिनमध्येच घेता येतात. डोंगराकडे बेसॉल्ट लवकर लागतो, खाडीकडे चिकणमातीचा थर वाढतो. एकाच प्लॉटवर फरक पडू शकतो. म्हणून इमारत पाडल्यावर पुन्हा बोअर घ्यायची तरतूद आणि कठीण खडक फोडण्याचा वेगळा रेट टेंडरमध्येच ठेवा. शेजारच्या इमारतीच्या भेगांचे फोटो खोदाईआधी, शेजाऱ्यांच्या सहीनिशी घ्या. खोदाई आणि तळाचं काम जूनच्या आत जमिनीवर येईल असं, जूनपासून उलटं मोजत वेळापत्रक ठरवा.

आता अटी. आधी बसणाऱ्या कंत्राटदाराला ठरावीक फी द्या, लेखी करारावर. फुकट बसणारा आपलाच ब्रँड, आपलीच पद्धत बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, घुसवतो आणि मग दुसरं कोणी टेंडर भरूच शकत नाही. करारात लिहा की त्याने सुचवलेलं सगळं सोसायटीच्या मालकीचं, त्याला काम मिळेलच असं नाही, आणि त्याचे रेट पसंत नसतील तर सोसायटी खुल्या टेंडरला मोकळी. तो स्पर्धेत उतरणार असेल, तर त्याने पाहिलेले सगळे नकाशे आणि टिपणं बाकीच्यांनाही मिळाली पाहिजेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात निवडीची प्रक्रिया दिली आहे. हा करार तिच्याशी विसंगत नाही ना, हे वकिलाकडून तपासून आमसभेत ठराव घ्या. नाहीतर उद्या कोणीतरी सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे तक्रार घेऊन जाईलच.

बैठकांना कमिटीचे पंधरा जण नकोत. दोघांना अधिकार द्या, बाकीच्यांना इतिवृत्त पाठवा. सभासदांच्या टाइल्स-किचनच्या मागण्यांना एक शेवटची तारीख ठेवा. त्यानंतरचा बदल ज्याचा त्याच्या खर्चाने. दर बैठकीत नकाशावरचा रिव्हिजन नंबर लिहून घ्या, कारण साइटवर जुना प्रिंट फिरत राहणं हा आपल्याकडचा रोग आहे.

आणि पहिल्याच बैठकीला महावितरणचं लोड सँक्शन, म्हणजे लागणाऱ्या वीजभाराची मंजुरी, विषयपत्रिकेवर घ्या. ट्रान्सफॉर्मरची जागा लागणार असेल तर रस्त्याच्या बाजूने पोचता येईल अशी हवी असते, आणि ती नेमकी तिथेच सापडते जिथे आर्किटेक्टने गेट काढलेलं असतं.