क्लॅरिनेटचा आवाज पातळ येतोय, माउथपीस बदलू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : दीड वर्षापूर्वी नवशिक्यांसाठीचं क्लॅरिनेट घेतलं, त्याच्यासोबत आलेल्याच माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) वाजवताय, आवाज पातळ आणि नाकात बोलल्यासारखा येतो, अंगठ्याची चावी दाबून वर गेलं की चीं होतं. दुकानदार म्हणतो, व्हॅंडोरेन या फ्रेंच कंपनीचा बी ४५ माउथपीस घ्या, सगळं सुधारेल. तर घ्यावा का?

थांबा जरा. मी बडोद्यात पस्तीस वर्षं हे वाद्य फुंकतोय, आधी लग्नांच्या बँडमध्ये, नंतर भजनाला आणि नाट्यगीतांच्या साथीला. घरच्या कपाटात सहा माउथपीस आहेत. त्यातले तीन मी आवाज बिघडला म्हणून घेतले आणि तिन्ही वेळा दोष रीडचा, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या पातळ कंप पावणाऱ्या पट्टीचा, निघाला.

म्हणून पहिला प्रश्न : रीड किती दिवसांची आहे? दीड वर्षात दोनच वापरल्या असतील तर माउथपीसचा विषय इथेच बंद करा. रीड म्हणजे शेवटी बोरूसारखं गवत. आपल्याकडे मे महिन्यात ती कोरडी पडली की टोकाला लाटा येतात, उजेडात तिरपी धरली की स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात तीच रीड फुगून जड होते. चार रीड आळीपाळीने वाजवा, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने आकडा घाला. बसवताना रीडच्या टोकावर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसली पाहिजे. खाली सरकली तर आवाज फुसका, वर चढली तर दाबलेला.

रीड बरी असेल तर आता गळती बघा. ओली रीड लावून माउथपीस सुटा हातात घ्या, खालचं भोक तळव्याने गच्च बंद करा आणि टोकाकडून हवा ओढून पटकन तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून राहून मग 'टप्' असा आवाज करत सुटली तर सगळं ठीक. लगेच सुटली तर कुठूनतरी हवा जाते : एक तर रीड वाकडी आहे, नाहीतर माउथपीसचा सपाट भाग, ज्यावर रीड टेकते तो, सपाट राहिलेला नाही. हाच प्रयोग दोन-तीन वेगवेगळ्या रीडवर करा, म्हणजे चोर कोण ते कळेल.

तिसरी गोष्ट ओठाची. कागदाची पातळ पट्टी रीड आणि माउथपीस यांच्या फटीत टोकाकडून सरकवा. अडेल तिथे रीडवर पेन्सिलीची खूण करा. खालचा ओठ साधारण त्या रेघेवर यायला हवा. बहुतेक नवशिके त्याच्या बरेच वर, टोकाशी, ओठ ठेवतात आणि चावतात. नाकातला आवाज तिथून येतो. मी स्वतः पहिली चार वर्षं असाच चावत होतो. आमचे गुरुजी मागून येऊन हनुवटी धरायचे आणि म्हणायचे, "बत्तीशी सांभाळ, लग्नात लाडू खायचाय."

मग माउथपीस आणि बॅरल, म्हणजे त्याच्या खालचा आखूड तुकडा, एवढंच जोडून फुंका. पेटीवरची काळी तीन लागली पाहिजे. त्यापेक्षा चढी लागत असेल तर चावताय, उतरी असेल तर ओठ ढिला. आठवडाभर फक्त एवढंच केलंत तरी वरची चीं निम्मी कमी होईल. तिचं मूळही सांगतो. बासरीत जोरात फुंकलं की वरचा सा मिळतो. क्लॅरिनेटची नळीही सरळ, पण तोंडाकडून बंद. त्यामुळे अंगठ्याची चावी दाबली की सा वरून थेट पुढच्या सप्तकातल्या पंचमावर उडी पडते. एवढ्या मोठ्या उडीत ओठाची लहानशी चूकही लपत नाही.

हे सगळं करूनही आवाज पातळच राहिला, तर आता माउथपीसकडे वळू.

माउथपीसमध्ये तीन गोष्टी बघायच्या. एक, टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यातली फट. दोन, ती फट बंद होत जाते त्या उताराची लांबी. तीन, आतल्या छपराचा उतार. छप्पर रीडच्या जवळ असेल तर आवाज टोकदार, खोल असेल तर गोल. फट मोठी असेल तर रीडला लांब हलावं लागतं, म्हणून मऊ रीड लागते. आवाज मोठा होतो, सूर वाकवता येतो, पण तो धरून ठेवायला ओठ तयार हवा. फट लहान आणि उतार लांब असेल तर जाड रीड चालते, सूर जागचा हलत नाही. माउथपीस आणि रीड हे जोडपं आहे. एकच बदललंत की भांडण सुरू.

फटीचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात आणि फरक शंभराव्या भागात. नवशिक्यांच्या यामाहासोबत येणारा ४ सी साधारण १.०५, व्हॅंडोरेनचा ५ आरव्ही लायर १.०९ च्या आसपास, एम ३० म्हणजे १.१५, आणि तुमच्या दुकानदाराचा बी ४५ जवळजवळ १.२०. ४ सी वर तीन नंबरची रीड (आकडा मोठा तितकी रीड कडक) सवयीची झाली असेल आणि तीच उचलून बी ४५ वर लावलीत, तर पहिल्या दिवशी फक्त वारा ऐकू येईल आणि गाल दुखतील. बी ४५ वाईट नाही, जगभर वाजतो. पण त्यावर अडीचपासून सुरुवात करा आणि महिना द्या.

तुम्ही अभंग आणि भावगीतं वाजवता असं लिहिलंय. मग माझं मत स्पष्ट आहे : अगदी बंद फटीचा माउथपीस घेऊ नका. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रावाल्यांना सूर दगडासारखा स्थिर हवा असतो. आपल्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी. १८८६ साली गायक मौलाबक्षांची गायनशाळा निघाली त्या आमच्या बडोद्यात सरळसोट सुरांना कोण दाद देणार? मींड निम्मी बोट सावकाश उचलण्यात असते आणि निम्मी ओठात. ओठाला वाव मिळण्यासाठी मधली किंवा किंचित मोठी फट आणि मऊशी रीड बरी. हे वाद्य किती वाकतं ते ऐकायचं असेल तर ए. के. सी. नटराजन यांचं कर्नाटकी क्लॅरिनेट ऐका. माझी शिफारस विचाराल तर ४ सी वरून आधी ५ आरव्ही लायर. बी ४५ चा विचार वर्षभराने.

आणखी एक बाब दुकानदार सांगत नाही. व्हॅंडोरेनचे नेहमीचे माउथपीस ४४२ च्या सुराला (पाश्चात्त्य 'ए' स्वराची सेकंदाला ४४२ कंपनं) जुळवलेले असतात, आणि '१३' मालिकेचे ४४० ला. तुमची पेटी ४४० ची असेल तर नेहमीच्या मालिकेत बॅरल थोडं बाहेर ओढावं लागेल. जमतं, पण माहीत असावं. पेटीवाल्याशी उगाच वाद होतो.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो विशिष्ट नग. एकाच नंबरचे तीन माउथपीस तीन तऱ्हेचे असू शकतात. मुंबईतल्या एका दुकानातून मी 'फ्रान्सचा' म्हणून एक आणला. घरी उजेडात धरला तर टोकाची कड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. छाप सोडला तर फ्रान्सशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आजही चींच करतो, नातवाला खेळायला दिलाय. तेव्हा दुकानात आपलं क्लॅरिनेट आणि आपली वाजत असलेली रीड घेऊन जा. आधी कड बघा, मग 'टप्'ची चाचणी, मग खालचे लांब सूर, मग चावी दाबून वरचे, आणि शेवटी हळू आवाजात एखादी ओळ. जोरात फुंकलं की सगळेच माउथपीस छान वाटतात. नव्या माउथपीसचं कॉर्क तुमच्या बॅरलमध्ये डुगडुगत नाही ना, तेही बघा.

लिगेचरवर, म्हणजे रीड माउथपीसला आवळून धरणाऱ्या पट्ट्यावर, पैसे घालू नका. फरक पडतो, पण श्रोत्यांना नाही. वरच्या दातांना कंप टोचत असेल तर चिकटवायची रबरी पट्टी मिळते, ती लावा. तिने चावणंही कमी होतं.

माउथपीस एबोनाइटचा, म्हणजे रबर आणि गंधकाचा असतो. तो गरम पाण्याने धुऊ नका. मी एकदा चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवला, हौसेने. स्वयंपाकघरभर जळक्या टायरचा वास सुटला, माउथपीस हिरवट पडला आणि रीड टेकायची जागा वाकडी झाली. बायको अजून सांगते पाहुण्यांना. कोमट नाही, साध्या नळाच्या पाण्याने, मऊ फडक्याने. आणि उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या जवळ राहत असाल तर इथेच निरोप टाका. एखाद्या रविवारी सकाळी क्लॅरिनेट घेऊन या. माझ्याकडे ५ आरव्ही आणि बी ४५ दोन्ही आहेत, वाजवून बघा. रीड मात्र स्वतःची आणा.