एरोस्पेस इंजिनिअर घरच्यांना वेळ देऊ शकतो का?

देऊ शकतो, पण घरच्यांनाही तेवढंच सोसावं लागतं. माझे काका यावलकडच्या केळीवाल्या घरातले. सगळी नोकरी तिरुवनंतपुरमला, रॉकेटच्या कामात. उड्डाण जवळ आलं की फोन दोन मिनिटांचा. काकूने घर एकटीने ओढलं, हे आधी सांगायलाच हवं. पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ला फसलं, तेव्हा कित्येक दिवस काकांना जेवण गोड लागलं नाही. १५ ऑक्टोबर १९९४ला दुसरं जमलं.

पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते यायचेच. आत्या माहेरी आलेल्या असायच्या. त्यांचा झोका निंबाला काकाच बांधायचे. संध्याकाळी अंगणात आम्हा पोरांना ज्वारीच्या धांड्याचे चार तुकडे काडीने जोडून पीएसएलव्ही करून दाखवायचे. पहिला टप्पा घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा पुन्हा घन, चौथा द्रव. खालचा तुकडा खटकन तोडून म्हणायचे, "जळून रिकामा झाला ना, आता त्याचं ओझं वर कशाला न्यायचं?" पुढची पाच मिनिटं आम्ही तेच तोडत बसायचो.

आता रिटायर झालेत. काकूला सकाळचा चहा रोज तेच करून देतात.