बासरीचा ‘प्रतिध्वनी’ की ‘घुमारा’?

प्रश्न असा होता की ताजमहालाच्या घुमटाखाली एकट्याने वाजवलेल्या बासरीच्या एका जुन्या रेकॉर्डिंगबद्दल मराठीत चार ओळी लिहायच्यात, तर त्यात ‘बासरीचे नैसर्गिक प्रतिध्वनी ऐकू येतात’ असं चालेल का, की निनाद, गुंजन, पडसाद यातलं काही घ्यावं? आणि ‘मेडिटेटिव्ह सोलो’ला काय म्हणायचं?

आधी सरळ उत्तर देतो. प्रतिध्वनी नको. ‘घुमणे’ हे क्रियापद घ्या, आणि नाम लागलंच तर ‘घुमारा’.

प्रतिध्वनी म्हणजे मूळ आवाज झाल्यावर वेगळा, सुटा असा परत आलेला आवाज. तुम्ही कड्यासमोर हाक मारली, क्षणभर गेला आणि तीच हाक तिकडून आली. शाळेच्या पुस्तकातलं गणित आठवत असेल, कानाला दोन आवाज वेगळे कळायला साधारण ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३४.४, म्हणून भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी. विजापूरच्या गोलघुमटात वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि लोक किती वेळा आली ते मोजत बसतात, तिथे प्रतिध्वनी हा शब्द अगदी चपखल. कारण तिथे मोजता येतं.

ताजमध्ये बासरीचं होतं ते वेगळंच. गुळगुळीत दगड आवाज फारसा शोषत नाही, तो सगळीकडून इतक्या वेळा आणि इतक्या पाठोपाठ परततो की कानाला सुटी आवर्तनं कळतच नाहीत, सूर नुसता लांबत जातो आणि हळूहळू विरतो. ध्वनिशास्त्रात याला वेगळं नाव आहे, रिव्हर्बरेशन (रेकॉर्डिंगवाल्यांचा ‘रिव्हर्ब’ तो हाच), आणि मोजायची पद्धतही आहे, आवाज ६० डेसिबलने खाली यायला किती वेळ लागतो ते बघायचं. चांगल्या मैफिलीच्या सभागृहात हा वेळ दोन सेकंदांच्या आसपास असतो, मोठ्या दगडी घुमटात त्याच्या कितीतरी पट. पाठ्यपुस्तकात या प्रकाराला ‘निनाद’ म्हटलंय, आणि परीक्षेत तेच लिहावं. पण ललित लिहिताना निनाद म्हटलं की मला तरी नगारे, तुताऱ्या आणि मोठ्या घंटा ऐकू येतात, हळू फुंकलेल्या बासरीला तो शब्द अंगापेक्षा मोठा होतो.

बाकीचे दोन पटकन संपवू. गुंजन हे मूळ आवाजाचंच वर्णन आहे, भुंगा गुंजन करतो, खोली करत नाही. पडसादचा अर्थ खरं तर बरोबर आहे, तो संस्कृत ‘प्रतिशब्द’वरून प्राकृतातून आलाय, म्हणजे त्यातलं ‘पड’ हे पडण्याचं नाही तर ‘प्रति’चं रूप आहे (पडछाया, पडजीभ यातलं तेच), पण आज पडसाद उमटतात ते विधानसभेत नाहीतर बाजारात, आणि बहुतेक वेळा तीव्रच उमटतात. शांत संगीताच्या वर्णनात तो टाकला तर वाचणाऱ्याला बातमी वाचल्यासारखं होईल.

आता घुमणे. हे क्रियापद मला आवडतं कारण ते आवाजालाही लागतं आणि जागेलाही. सूर घुमतो, गाभारा घुमतो, दोन्ही चालतं. पारवे घुमतात, अंगात आलेला माणूस घुमतो, गोव्यातलं मडक्याचं वाद्य तर घुमटच. (आणि कोणाशी न बोलणारा माणूस ‘घुमा’, हे का ते भाषेलाच विचारा.) इमारतीचा घुमट मात्र यातून आला असं समजू नका, त्याचं नातं फारसी ‘गुंबद’शी आहे, मराठीत येऊन तो इतका मराठी झाला की घुमतो म्हणून घुमट असंच सगळ्यांना वाटतं. व्युत्पत्ती म्हणून चूक पण ऐकायला इतकी पटणारी की मोडवत नाही. ‘घुमारा’ हे नाम मात्र जरा जपून वापरा, डग्ग्याचा घुमारा, आवाजातला घुमारा असं आपण वाद्याच्या किंवा गळ्याच्या गुणाबद्दलही बोलतो, म्हणून ‘घुमटाचा घुमारा’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

पण या रेकॉर्डिंगसाठी सगळ्यात नेमका शब्द मला वाटतं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे आहे, तो म्हणजे आस. सतारीची तार छेडली की आघातानंतर सूर रेंगाळतो ती आस. बासरीला ती नसतेच! फुंक थांबली की सूर थांबला. घुमटाखाली काय होतं, तर जी आस वाद्याकडे नाही ती जागा देते. आणि मग एका वेळी एकच सूर देणाऱ्या वाद्यातून तीन-तीन सूर एकत्र ऐकू यायला लागतात, सा वाजवला, तो विरायच्या आत ग लावला, वर प लावला की तिन्ही हवेत उभे. म्हणून अशा जागी वाजवणारा आपोआप सावकाश वाजवतो, मधे थांबून मागचा सूर ऐकतो आणि मग पुढचा टाकतो, द्रुत ताना घेतल्या तर नुसता गलका होईल. शेजारशेजारचे सूर, म्हणजे सा आणि कोमल रे, एकमेकांवर पडले की खटकतात, भूप रागासारखी, सुरांमध्ये अंतर ठेवणारी पाच सुरांची मांडणी तिथे सुखाने राहते. तेव्हा ते संगीत जे ध्यानासारखं वाटतं त्यात वादकाच्या वृत्तीइतकाच दगडाचाही हात आहे.

शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात स्वराची व्याख्या करताना त्याला ‘स्निग्ध’ आणि ‘अनुरणनात्मक’ म्हटलंय. अनुरणन, म्हणजे मागून रुणझुणत राहणं. अर्थाने हा शब्द सगळ्यांच्या वर, पण चार ओळींच्या परिचयात जड होईल, आणि आस लिहिलं तर संगीत न शिकलेला वाचक आशा असं वाचेल. म्हणून शेवटी घुमणेच.

‘सोलो’बद्दल, आपल्याकडे बासरीचं सोलो म्हटलं तरी मागे तानपुरा आणि तबला असतोच, इथे ते काहीच नाही, म्हणून ‘एकल’पेक्षा ‘साथीविना’ किंवा ‘नुसती बासरी’ म्हणा. मेडिटेटिव्हला ‘चिंतनशील’ नको, चिंतन विचारांचं असतं. ‘ध्यानस्थ’ माणूस असतो, संगीत नाही. ‘ध्यान लागावं असं’ हे साधं आणि बरोबर. अजून एक, १९६८ मधलं पॉल हॉर्नचं रेकॉर्डिंग तुमच्या मनात असेल तर तो अमेरिकन वादक, त्याचं वाद्य धातूचं, नुसतं ‘बासरी’ लिहिलं तर लोकांच्या डोळ्यासमोर बांबू येणार. एकदा ‘फ्लूट’ लिहून टाका.

आणि ‘नैसर्गिक प्रतिध्वनी’ हा शब्दप्रयोगही सोडा, घुमट काही निसर्गाने बांधला नाही. सांगायचं इतकंच आहे ना, की स्टुडिओत बटण फिरवून रिव्हर्ब दिलेला नाही? मग तसंच सांगा. मी असं लिहीन: ‘ताजमहालाच्या घुमटाखाली साथीविना वाजवलेली फ्लूट. जागा मुळातच घुमते, त्यामुळे प्रत्येक सूर फुंक संपल्यावरही रेंगाळतो आणि पुढचा सूर त्याच्यात मिसळतो. स्टुडिओतला रिव्हर्ब वेगळा दिलेला नाही.’ रिव्हर्ब तिथे रिव्हर्बच राहू दे, रेकॉर्डिंगवाले तोच शब्द बोलतात.