फाल्गुनातली छाटणी आणि मोगऱ्याचा बहर

प्रश्न : आमच्या गच्चीवर पस्तीस-चाळीस कुंड्या आहेत. होळी जवळ आली की शेजारच्या पिंपळाचा पाचोळा झाडणे, माती उकरणे, फांद्या छाटणे आणि जास्वंदीवरची पांढरी कीड पुसणे ही सारी कामे एकदमच समोर येतात. एवढे करूनही गेल्या वर्षी मोगऱ्याला नुसती पानेच आली. यांपैकी कोणते काम सोडता येईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पाचोळा गोळा करून बाहेर टाकण्याचे श्रम आपण निश्चितच वाचवू शकता. तीच पाने चुरून प्रत्येक कुंडीत खोडापासून थोडी दूर, दोन-तीन बोटे जाडीच्या थरात पसरली, तर वैशाखात माती लवकर सुकत नाही आणि पावसाळ्यात तो थर कुजून खत होतो. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात होत असल्याने आता त्याची फक्त सुकलेली फुले काढावीत. कुंड्या बदलण्याचे काम जूनमधील पावसावर सोपवावे.

मोगऱ्याला मात्र सवलत देता येत नाही. त्याच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात. म्हणून जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीत काही दिवस पाणी कमी करून फांद्या साधारण निम्म्यावर छाटाव्यात, उरलेली जुनी पाने हाताने खुडावीत, वरची माती हलकेच मोकळी करून दोन मुठी चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. एकेक पान खुडण्याचे हे काम बागेतले सर्वांत कंटाळवाणे काम आहे, हे मला मान्य आहे. तरीही दरवर्षी मी ते सकाळच्या कोवळ्या उन्हात, घाई न करता करतो, कारण उघड्या पडलेल्या काडीवर पानाच्या बेचक्यातला डोळा फुगू लागलेला दिसतो आणि थोड्याच दिवसांत तिथून पोपटी फुटवा बाहेर येताना पाहण्याइतका आनंद मला फुललेल्या मोगऱ्यानेही क्वचितच दिला आहे.

आपल्याकडे नुसती पाने येण्याचे कारण बहुधा पिंपळातच असावे. फाल्गुनात त्याची पाने गळतात तेव्हा गच्चीवर ऊन भरपूर दिसते. परंतु चैत्रात नवी तांबूस पालवी दाट झाली की, नेमक्या कळ्या धरण्याच्या काळात, मोगरा सावलीत जातो. त्याला दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. कुंडी आताच अशा बाजूला हलवावी, जिथे पालवीनंतरही ऊन टिकेल. नत्रयुक्त खत वरचेवर देत असाल, तर तेही थांबवावे, कारण त्याने पानेच वाढतात.

जास्वंदीवरची कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असल्याने नुसती फवारणी घसरून जाते. म्हणून साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशने आधी तो घासून काढावा आणि मगच संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. त्याच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्या त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात, त्यामुळे मुंग्यांची वाट अडवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. पुसताना एक काळजी घ्यावी : पिठ्या ढेकणांमध्येच त्यांच्यासारखी पांढरी, पण मोठी आणि चपळपणे चालणारी झुबकेदार अळी दिसली, तर ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची असू शकते. द्राक्षबागांमध्ये पिठ्या ढेकणांच्या नियंत्रणासाठी हाच भुंगेरा सोडतात. अशी अळी असलेल्या फांदीवर ब्रशही चालवू नये आणि फवाराही मारू नये.

मोगऱ्याचा पहिला बहर ओसरला की फुले आलेल्या टोकांखाली पानांची एक-दोन जोडी सोडून पुन्हा हलकी छाटणी करावी. म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणखी एक बहर मिळू शकतो.