भाषणांआधी पाइपलाइन पाहा

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा लक्षपूर्वक वाचला. ऊर्जेसाठी परावलंबी असलेला देश पुरवठादारापुढे नमतोच, असे तू पहिल्याच पानावर गृहीत धरले आहेस, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. परावलंबन देशाला कोंडीत पकडते हे खरे. पण त्या कोंडीतून तो कोणत्या दिशेने वाट काढतो, हे बरेचसे तो स्वतःला कोणाच्यात मोजतो यावर ठरते.

लिथुआनियाकडे जरा जवळून पाहा. मार्च १९९० मध्ये त्याने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात मॉस्कोने तेल रोखले, वायूचा पुरवठा घटवला. २००४ मध्ये हा देश युरोपीय संघात गेला आणि प्रवेशाची अट म्हणून २००९ च्या अखेरीस त्याला इग्नालिना अणुवीज प्रकल्प पूर्णपणे बंद करावा लागला. म्हणजे ज्या युरोपचा भाग होण्याची त्याला आस होती, त्याच युरोपच्या अटीपायी रशियन ऊर्जेची गरज काही काळ उलट वाढली. हा पेच मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो, आणि तुझ्या आराखड्यात त्याचा उल्लेखही नाही. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात क्लायपेदा बंदरात द्रवरूप नैसर्गिक वायूचे 'इंडिपेंडन्स' हे तरंगते टर्मिनल दाखल झाले. ते येण्याआधीच, मे महिन्यात, गाझप्रोम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीने वायूचा दर उतरवण्यास मान्यता दिली होती. पर्याय नुसता नजरेच्या टप्प्यात आला तरी वाटाघाटींचा सूर बदलतो. एप्रिल २०२२ मध्ये लिथुआनियाने रशियन वायूची आयात थांबवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देश (लिथुआनिया, लाटविया आणि एस्टोनिया) सोव्हिएत काळापासूनच्या वीजजाळ्यातून बाहेर पडून पोलंडमार्गे युरोपच्या जाळ्याला जोडले गेले. केवळ दरांचा हिशेब मांडून हे निर्णय झाले नसते.

आता हंगेरी घे. २०२२ मध्ये युरोपीय संघाने रशियन तेलावर निर्बंध घातले, तेव्हा हंगेरीने आग्रह धरून पाइपलाइनने येणाऱ्या तेलाला सूट मिळवली. देश भूवेष्टित आहे, हे त्याचे कारण खोटे नाही. परंतु चेक प्रजासत्ताकही भूवेष्टित आहे, मध्य युरोपीय देशांच्या त्याच व्हिशेग्राद गटात आहे आणि रशियन तेल आणणाऱ्या त्याच द्रुझबा पाइपलाइनवर वाढलेले आहे. तरीही त्याने इटलीतील त्रिएस्ते बंदराकडून येणाऱ्या पाइपलाइनची क्षमता वाढवण्यासाठी पैसा घातला आणि २०२५ मध्ये रशियन तेल सोडले. भूगोल जवळपास सारखाच असताना धोरणे अशी फाकतात, तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या मनातली प्रदेशाची कल्पना तपासावी लागते. ती कल्पना सरकारगणिक बदलू शकते, म्हणून तिला राष्ट्राचा उपजत स्वभाव मात्र समजू नकोस.

तसेच, देश स्वतःला कोणाच्यात मोजतो या ओळखीने सगळे उलगडते असेही मानू नकोस. जर्मनीच्या युरोपनिष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, तरी पोलंड आणि बाल्टिक देशांचा विरोध असताना २०११ मध्ये रशियन वायू समुद्राखालून थेट जर्मनीत आणणारी नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन सुरू झालीच. हे उदाहरण तुझ्या आणि माझ्या, दोघांच्याही मांडणीला अडचणीचे आहे, म्हणून ते परिशिष्टात न ढकलता दुसऱ्या प्रकरणात घे. आणि यापुढे कोणत्याही देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांची भाषणे वाचण्यापूर्वी त्याचा पुरवठा-करार कधी संपतो आणि दुसऱ्या बाजूने किती तेल-वायू आणता येईल, एवढे आधी नोंदवून ठेव. सुधारलेले प्रकरण पाठव. मी लगेच वाचीन.

सस्नेह,
तुझा मार्गदर्शक