तीनशे साठचे दोनशे पंचावन्न कसे झाले?

प्रश्न : जुन्या अमेरिकन मसल कारबद्दल (मोठ्या, ताकदवान इंजिनच्या गाड्या) वाचताना एका ठिकाणी अडतो. शेवरोले कॅमॅरो झेड-२८ ची ताकद १९७० साली ३६० हॉर्सपॉवर, आणि १९७२ साली २५५. इंजिन तेच, ३५० घनइंचांचं. मग शंभरावर घोडे गेले कुठे? आणि आज दोन लिटरचं टर्बो इंजिनही एवढी ताकद देतं, तरी लोक या गाड्यांवर जीव का टाकतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुण्यातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी इंजिनच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चालवून तपासायच्या चौथऱ्यावर, काम केलं. त्यामुळे तुमचं पत्र आलं तसं उत्तर लिहायलाच बसलो.

तुमच्या पत्रात मधलं वर्ष राहून गेलंय. १९७१ साली याच इंजिनाचे दोन आकडे छापले गेले : ग्रॉस ३३० आणि नेट २७५. ग्रॉस मोजताना इंजिन बेडवर मोकळं असतं. पंखा नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. नेट म्हणजे गाडीत असतं तसं, सगळा संसार अंगावर घेऊन. सायलेन्सर जोडला की डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) काटा खाली येतो, हे मी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या फक्त नेट आकडा देऊ लागल्या. म्हणजे तुमच्या १०५ घोड्यांपैकी ५५ रस्त्यावर कधी उतरलेच नव्हते.

उरलेल्यांपैकी २० घोडे १९७२ ला, २७५ चे २५५ होताना गेले. मोठी खरी घट त्याआधीची, ३६० वरून ३३० ची. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११:१ वरून ९:१ वर आणलं गेलं. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धूर कमी करणं भाग होतं. त्यासाठी धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ घातला होता, आणि पेट्रोलमधलं शिसं त्याला निकामी करतं. शिसं काढलं की ऑक्टेन (पेट्रोलची दाब सोसायची क्षमता) उतरतो, आणि अशा पेट्रोलवर जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोकतं. घोडे गेल्याचं मलाही वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता. ते शिसं धुरातून पोरांच्या अंगात जात होतं. पुढे विम्याचे वाढलेले हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट यांनी उरलीसुरली हौस संपवली.

आता जीव टाकण्याबद्दल. १९७० च्या शेवरोले शेवेल एसएसमध्ये ४५४ घनइंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं इंजिन मिळायचं. त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५०० फूट-पाउंड, ग्रॉस, तोही ३,६०० आरपीएमलाच (मिनिटाला फेरे). टर्बोला हवा भरून घ्यायला क्षणभर लागतो. इथे पाय दाबला की गाडी मागच्या चाकांवर बसते आणि सुटते.

पण माझ्या लेखी खरी गंमत आवाजाची. माझी मुलगी डेट्रॉइटजवळ राहते. तिथल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर साठच्या दशकात पोरं सिग्नल टू सिग्नल शर्यती लावायची. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. एका वर्षी मी फूटपाथवर खुर्ची टाकून सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसलो, जेवायलाही उठलो नाही.

हा आवाज कुठून येतो? शेवरोलेच्या या जुन्या व्ही-८ चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२. एक, तीन, पाच, सात हे सिलिंडर एका बाजूला. क्रम बोटांवर मोजून बघा : पाच आणि सात लागोपाठ पेटतात, बाकीच्यांच्या मधे मात्र दुसऱ्या बाजूचे येतात. म्हणून त्या बाजूच्या पाइपातून ठोके सारखे पडत नाहीत. ढोलाच्या संथ ठेक्यात मधेच दोन टिपरू लगोलग पडावेत, तसं होतं. त्यात व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट असेल, तर आयडलिंगला अख्खी गाडी डुलते.

अशी गाडी कधी भेटली, तर ती सुरू असताना मागे एकाच बाजूच्या पाइपजवळ उभे राहा आणि ते दोन ठोके कानाने पकडा.